रिकाम्या सीटचा पट्टा

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी बंट्याच्या डोक्याला तेल लावत होते. दिवेलागणीची वेळ. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधनं आवाज आला, टीं-टीं-टीं, टीं-टीं-टीं, थांबायचं नावच नाही.

बंट्यानं मान वळवली. "ताई, गॅस?"

"पळ. काय शिकवलंय?"

"चप्पल नाय, बटण नाय, सरळ लिंबाखाली." तो पाठ म्हणतच पळाला. दुसरीत होता तेव्हा.

मी शेडचं दार उघडलं. आत पपांची पांढरी ओम्नी उभी. ड्रायव्हरच्या पायाजवळ मी स्वतः स्क्रू मारून बसवलेला डबा ओरडत होता आणि त्याचा लाल दिवा पेटत-विझत होता. दर वेळी पेटला की डॅशबोर्डवरचा पपांचा फोटो लाल व्हायचा, विझला की परत पिवळा. मी नाक वर करून वास घेतला. गॅसचा वास नव्हता. उदबत्तीचा होता, आणि त्याच्याखाली अजून कसला तरी, गोडसर.

आई बाजूच्या सीटवर बसलेली. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. डॅशबोर्डवर निरांजन पेटवलेलं.

"आई, बाहेर ये. अलार्म वाजतोय."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं बघत हळूच म्हणाली, "ओरडू नको गं अंबे. आलेत ते."

थोड्या वेळानं अलार्म आपोआप थांबला. त्या दिवशी अवस होती.

माझ्या पपांचं नाव हणमंत. बार्शीत कुर्डुवाडी रोडला आमचं घर. पपा ओम्नीतनं शाळेची पोरं न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडं न्यायचे. उसाच्या सीझनमध्ये एका वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, काही नाही. गाडी अगदी जोरात धडकली असं पण नव्हतं. काच गेली, पुढचा पत्रा आत गेला. पपांची छाती स्टेअरिंगवर बसली. पट्टा होता की गाडीला. काचतो म्हणून त्यांनी सीटच्या फटीत कोंबून ठेवलेला.

त्यानंतर शाळेत एक सर मला म्हणाले, बाप नाही म्हटल्यावर पोरी अशाच वाया जातात. मी डस्टर फेकून मारला. नववी तिथंच संपली. मग दिवसभर करायला काही नव्हतं आणि डोकं तर सारखं पेटलेलं. आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, इलाहीचाचांचं गॅरेज. पपांचे दोस्त. त्यांनी गाडी ठोकून-ठाकून सरळ करून दिली आणि मी तिथंच बसायला लागले. भंगारात गेलेल्या गाड्यांचे पट्टे काढून ओम्नीच्या सगळ्या सीटांना बसवले. मागं लाल पट्ट्या चिकटवल्या, लांबनं चमकतील अशा. आग विझवायचा छोटा सिलेंडर, काच फोडायची हातोडी. आणि गाडी गॅसवर चालायची म्हणून गॅसचा अलार्म.

चाचा म्हणायचे, "एवढं लावल्यावर ही आता उडायला लागंल. पायलट बघून ठेव."

"हसा तुम्ही," मी म्हणायची.

घरातही तसंच. दाराला पिशवी अडकवलेली, तिच्यात बॅटरी, औषधं, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स. शिट्टी माझ्या गळ्यात. शिट्टी वाजली की सगळ्यांनी अंगणातल्या लिंबाखाली. बंट्याकडनं मी हे इतक्या वेळा करून घेतलं होतं की तो झोपेतसुद्धा पळाला असता.

आई कधी आली नाही लिंबाखाली. चिडायची नाही, हसायची नाही. बघायचीच नाही. भाजी चिरता चिरता सुरी तशीच धरून बसायची. आणि दिवस कलला की शेडमध्ये. आधी थोडा वेळ, मग जास्त, मग जेवायला हाक मारली तरी यायची नाही. मला चोराची भीती नव्हती, भूकंपाची नव्हती. एकच भीती होती. पपा गेले ते गेले, आता ही त्यांच्या मागनं निघाली, आणि सगळ्या घराला पट्टे बांधून ठेवले तरी ही काय थांबत नाही.

दुसरी गोष्ट मला पट्ट्याची दिसली. रोज सकाळी मी गाडी पुसायला जायची तर ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला असायचा. सीट रिकामी आणि पट्टा तिच्यावरनं आडवा, खटक्यात बसवलेला. सैल पण नाही. आत कुणीतरी बसल्यावर जेवढा ताणलेला असतो, तेवढा. मी सोडवायची. दुसऱ्या दिवशी परत लावलेला.

"बंट्या, तू खेळतोस का तिथं?"

"मी मागं बसतो. पुढं पपा असतात."

माझ्या अंगावर काटा आला आणि काटा आला म्हणून रागही आला. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. "आई, तो पट्टा कोण लावतंय?"

"मी."

"कशाला?"

"त्यांना सवय नव्हती ना," ती म्हणाली. पोळी उलटवली. "म्हणून आता मीच लावते."

पुढच्या अवसेला अलार्म परत वाजला. नंतर अवस नसतानाही वाजायला लागला. वेळ मात्र तीच, दिवेलागणीची. वाजला की आई निरांजन घेऊन आत जायची किंवा आधीच आत असायची, काडी ओढायची, फोटोला ओवाळायची आणि बाजूच्या सीटवर बसून बोलत राहायची. अगदी साधं बोलायची. बंट्याचा दात पडला. नळाला दोन दिवस पाणी आलं नाही. मध्ये थांबायची, समोरच्याला बोलू देतात तशी. एकदा हसली पण. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी हसली नव्हती.

बंट्या अर्धं बिस्कीट ठेवून द्यायला लागला. गल्लीतल्या बायका शेडपुढनं जाताना पदर डोक्यावर घ्यायला लागल्या.

मी अलार्म काढून चाचांकडं नेला. त्यांनी लायटरचा गॅस सोडून बघितला. वाजला. बंद केला. थांबला.

"मशीन एकदम शाबूत," चाचा म्हणाले.

"मग गॅस नसताना का वाजतंय?"

"मला काय विचारतीस. मी इंजिनचा माणूस."

मग एका दुपारी आई झोपली होती तेव्हा मी गाडीत घुसले. पायाखालचं मॅट उचललं. क्लचजवळ एक चिकट डाग होता, ओलसर. मी गुडघ्यावर बसून नाक लावलं. रम. सीटखालच्या पान्यांच्या पिशवीत हात घातला तर पपांची क्वार्टर निघाली, अर्ध्याच्या खाली आलेली.

पपांचं एक होतं. दर अवसेला गाडीपुढं नारळ फोडायचे, लिंबू-मिरच्या बदलायचे, आणि क्वार्टर उघडली की पहिलं टोपण चाकावर ओतायचे. "आधी गाडीला, मग ड्रायव्हरला," म्हणायचे. आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर करतात. आता आई तेच टोपण ड्रायव्हरच्या पायाशी ओतत होती. त्यांच्या पायाशी. आणि तिथंच मी तो डबा बसवलेला, कारण गॅस जड असतो, खाली बसतो.

मी एक टोपण फडक्यावर ओतलं आणि डब्यापुढं धरलं. टीं-टीं-टीं.

बाटली घेऊन मी तडक आईपुढं गेले. ती उठून तांदूळ निवडत बसली होती.

"हे काय आहे?"

"ठेव ते जागेवर."

"तू दारू ओततीस आणि मशीन ओरडतंय. त्याला दारूची वाफ आणि गॅस सारखंच. पपा-बिपा काय नाही त्यात."

"ठेव म्हटलं ना."

"बंट्याला खोटं सांगतीस तू. तो बिस्कीट ठेवतोय तिथं, मुंग्या खातात."

तिनं उठून माझ्या हातातनं बाटली घेतली. पदरानं पुसली. माझ्या बोटांचे डाग पुसल्यासारखी. आणि शेडकडं गेली. संध्याकाळी परत वाजला.

मी शेडच्या पत्र्याला लाथा घालत सुटले. समोरनं चाचा आले, मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"पोरी, कशाला तिला ओढून काढतीस. बसती तेवढं बसू दे. माणूस आपापल्या वेळानं उठतंय."

"आणि खरंच गॅस सुटला तर?"

"तर मशीन वाजंल की. त्यासाठीच लावलंस ना."

"वाजेल. आणि वाजलं की आई आत जाऊन काडी ओढेल."

शेडमधल्या फटीतनं लाल उजेड चाचांच्या दाढीवर येत-जात होता.

"टाकी काढून टाका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पाने घेऊन आले. आई शेडच्या दारात उभी राहिली. टाकीत पपांनी स्वतः भरलेला गॅस होता. घरच्याच सिलेंडरमधनं मोटर लावून भरायचे ते. अपघाताच्या आदल्या दिवशी भरलेला.

"इलाहीभाऊ, गाडीला काय करायचं ते करा. त्यांनी भरलेलं मी बाहेर सोडू द्यायची नाही."

"वहिनी, धोका हाय त्यात."

"असू दे."

शेवटी चाचांनी टाकीचा कॉक आवळून बंद केला. मी पण हात लावून बघितला, घट्ट होता. गाडी चालू करायची तर आम्ही पेट्रोलवर करायचो. मी काड्यापेट्या लपवून ठेवल्या तर आई दुकानातनं नवी आणायची आणि कमरेला खोचायची.

असे बरेच दिवस गेले.

त्या दिवशी फार उकडत होतं. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दुपारी मी मोरीत हात धुवायला गेले तर खिडकीत पपांची क्वार्टर दिसली. रिकामी, स्वच्छ धुतलेली, उन्हात पालथी घातलेली. टोपण शेजारी वेगळं. मी ती तशीच राहू दिली आणि हात धुतले. आई ओट्यापाशी उभी होती. त्या दिवशी तिनं बंट्याची वेणी घालायची नक्कल केली, त्याच्या वाढलेल्या केसांची, आणि तो खिदळत पळाला.

संध्याकाळी मी गॅरेजमध्ये होते. चाचा एका जीपच्या मागच्या सीटला पट्टा बसवत होते आणि मी खालनं नट धरलेला.

टीं-टीं-टीं.

"आली बघ तुझी गाडी," चाचा म्हणाले.

मी नट सोडला. "चाचा, बाटली रिकामी आहे."

"कसली बाटली?"

मी पळत होते. घरातनं आई निघालेली दिसली. ताटात निरांजन, वात, हळद-कुंकू. रोज ती रमतगमत जायची. आज तिची चाल वेगळी होती, लग्नाला निघालेल्या पोरीसारखी, पाय जमिनीला न लागल्यासारखी. मी जोरात शिट्टी फुंकली. बंट्या कुठनंतरी सुटला आणि लिंबाच्या बुंध्याला जाऊन चिकटला. आई शेडमध्ये शिरली.

"आई, काडी ओढू नको," मी ओरडले. एक ट्रक मध्ये आला. तो जाईपर्यंत मला रस्ता ओलांडता आला नाही. त्या ट्रकची लांबी मी आजही विसरलेली नाही.

शेडच्या दारातच वास तोंडावर आला. सडक्या कांद्यासारखा. आत अंधारायला लागलेलं, लाल दिवा पेटत होता, विझत होता. ड्रायव्हरचं दार उघडं. ताट सीटवर ठेवलेलं, लावलेल्या पट्ट्याच्या मागं, कुणाच्या तरी मांडीवर ठेवावं तसं. आई दाराशी ओणवी झालेली. हातात काड्यापेटी.

मी तिला मागनं कमरेत मिठी मारली आणि ओढलं. ती माझ्यापेक्षा ताकदीची. तिनं दाराची कड धरली.

"सोड. अंबे, सोड मला. आज खरंच आलेत."

"गॅस आहे आई तो, गॅस."

"सोड म्हणते ना, वाट बघायलेत ते."

मी तिच्या मनगटाला चावले. कड सुटली. आम्ही दोघी शेडच्या उंबऱ्यावर पडलो, उठलो, मी तिला केसाला धरून, साडीला धरून, मिळेल त्याला धरून लिंबाखाली आणलं. काड्यापेटी हिसकावून माझ्या खिशात घातली. चाचा तोपर्यंत पोचले होते. त्यांनी शेडची दोन्ही दारं सताड उघडली, गाडी न्यूट्रल केली, आणि आम्ही दोघांनी ती ढकलत मागच्या मोकळ्या रानात नेली. आम्ही ढकलत होतो तेवढा वेळ गाडीतला अलार्म ओरडतच होता.

रानात नेऊन सगळी दारं उघडी टाकली. बऱ्याच वेळानं अलार्म थांबला.

चाचांनी मोबाइलसुद्धा लांब ठेवला आणि मग टाकीपाशी वाकून, हातानंच चाचपून बघितलं. "वायसर कुजलंय. टाकीच्या तोंडाचं. कॉकच्या आधीच गळतंय, म्हणजे आपण कॉक बंद केला काय, नाही केला काय." घाम पुसत ते माझ्याकडं बघत राहिले. "शेड भरलं होतं गं."

आम्ही लिंबाखाली आलो. आई बुंध्याला टेकून बसली होती, बंट्या तिच्या मांडीत. तिच्या मनगटावर माझे दात उठलेले. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला मारेल. दोन्ही चाललं असतं.

"मला काय कळत नव्हतं का, अंबे," ती म्हणाली. आवाज एकदम साधा. "ओतणारी मीच. वाजणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं. ओतलं की वाजतंय, वाळलं की थांबतंय. तेवढंच बरं वाटायचं."

"मग?"

"काल संपली बाटली. मी म्हटलं, बास. आता नवी आणायची नाही. संपलं ते संपलं. सकाळी धुऊन ठेवली." ती थांबली. "आणि आज मी काहीच ओतलं नव्हतं. तरी वाजलं."

चाचा खाली बघत होते.

"म्हणून गेले मी," आई म्हणाली. "आणि काडी ओढली."

"ओढणार होतीस," मी म्हणाले. "मी वेळेवर आले."

"नाही गं. तू यायच्या आधी. ट्रकचा आवाज चालू होता बघ, तेव्हा."

"पेटली नसेल."

"पेटली. चांगली पेटली. वातीकडं नेली, आणि फुंकर आली. अशी, कानाजवळनं. विझली. दुसरी काढत होते तर तू धरलंस."

चाचा घसा साफ करत म्हणाले, "वारं असंल, वहिनी."

आणि तिघांनीही वर बघितलं, लिंबाकडं.

"त्यांनी नको म्हटलं," आई म्हणाली. पदर झटकला, बंट्याला खाली उतरवलं आणि उठली. "नको म्हटलं तर नको. आता नाही जायची मी शेडमध्ये. इलाहीभाऊ, टाकी उद्या काढा. काय आहे ते सोडून द्या हवेत."

घराकडं जाता जाता ती वळली. "अंबे, आधी खिडक्या उघडायच्या ना? आणि दिव्याचं बटण लगेच नाही दाबायचं?"

"नाही दाबायचं," मी म्हणाले.

"मग भाकरी चाचीकडनं आण आज. हा उपाशी आहे."

बंट्या तिच्या मागं पळाला. खिडक्या उघडल्याचे आवाज आले, एकामागनं एक.

वास पूर्ण गेल्यावर मी चाचांची बॅटरी घेऊन शेडमध्ये गेले. गाडी जिथं उभी होती तिथं, ड्रायव्हरच्या दाराच्या जागी, जमिनीवर काडी पडली होती. डोकं काळं झालेलं आणि खालचं लाकूडही थोडं जळलेलं. मी ती हातात घेऊन उभी राहिले. माझ्याकडं उत्तरं होती. गॅस खाली होता, आईचा हात वर होता. काडी सादळलेली असेल. गुल कच्चा असेल. शेडच्या पत्र्यात फटी आहेत.

खिशातली काड्यापेटी काढली. शेडपासून लांब गेले, लिंबाच्याही पुढं, रस्त्याच्या कडेला, जिथं काहीच नव्हतं तिथं. हवा तशीच, थांबलेली. एक काडी ओढली.

पहिल्या झटक्यात पेटली. मी हात अजिबात हलवला नाही. ती सरळ, शांत, माझ्या बोटापर्यंत जळत आली.